भादवीची पाठ

त्या मुलखाला नाव नव्हतं, कारण तिथं राहणाऱ्यांवर कुणाला पत्ता सांगण्याची वेळच कधी आली नव्हती. मधून नदी वाहत होती. नदीच्या अलीकडे कुत्री राहत. म्हशींचा कळप पावसाळा आणि हिवाळा अलीकडे चरत असे आणि ऊन तापू लागलं की नदी ओलांडून पलीकडच्या डोहांकडे निघून जात असे. कुत्र्यांना नदी ओलांडता येत नसे, कारण पाण्यात मगरी होत्या. मोठ्या म्हशीच्या वाटेला मात्र मगरीही जात नसत. अलीकडच्या टेकडीवर एक बिबट्या राहत असे. तो कुणाचाच नातेवाईक नव्हता.

बिबट्यामुळे कुत्र्यांनी पाळी लावून घेतली होती. काठावरच्या काळ्या धोंड्यावर कुणी ना कुणी पहाऱ्याला उभं असे. सगळं ठीक असेल तर पहारेकरी मधूनमधून एकदाच, तोकडं भुंके; ते ऐकून करंजाच्या सावलीतली बाकीची कुत्री पुन्हा डोळे मिटत. जो पाळीत आहे, त्याची झोप सगळ्यांची. जो पाळीत नाही, त्यानं आपापलं बघावं.

आणि पाळीत यायचं तर वळसा यायला हवा. समोरून सरळ चालत येणं म्हणजे भांडण उकरून काढणं, आणि डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे तर उघड शिवी. भेटायचं असेल तर लांबून वळसा घालून यावं, तोंड जरा बाजूला वळवावं, आधी हुंगू द्यावं, मग हुंगावं. एखाद्या पाहुण्याला याचं हसू येईल. पण ज्या मुलखात सगळ्यांनाच दात आहेत, तिथं रीतभात लागतेच.

या रीतीतलं काहीएक ठाऊक नसलेलं एकच कुत्रं त्या काठावर होतं. तिचं नाव मिरी. ती आकारानं दोन मुठींएवढी होती आणि स्वभावानं नावाप्रमाणे. ती जमिनीवर राहतच नसे. ती भादवी नावाच्या म्हशीच्या पाठीवर राहत असे.

भादवी कळपात नव्हती. चार उन्हाळ्यांपूर्वी, कळप पलीकडे जाण्याच्या सुमारास, उंच गवतात तिचं रेडकू कोळसुंद्यांनी, म्हणजे तांबड्या रानकुत्र्यांनी, नेलं होतं. कळपातली थोरली म्हैस तेव्हा म्हणाली होती, "एक गेलं, दुसरं होईल. चल, पाणी आटायच्या आत निघू." बोलणं वाईट हेतूचं नव्हतं, पण काही वाक्यं वेळ चुकली की आयुष्यभर सलत राहतात. भादवी गेली नाही. गवताजवळच एक तळं होतं, खालून झरा असलेलं. तिथंच ती राहिली. पुढं प्रत्येक पावसाळ्यात कळप अलीकडे आला, की ती तळ्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन पाठ करून उभी राही.

तेव्हापासून तिच्या कातडीला एक खोड लागली होती. कुत्र्याचा वास आला, लांबून भुंकणं ऐकू आलं, नुसतं गवत हललं, तरी तिच्या पाठीची कातडी थरथरे. कळपातल्या सगळ्या म्हशींच्या पाठीवर गायबगळे निवांत बसलेले असत. भादवीच्या पाठीवर एखादा उतरलाच, तर पाय टेकतो न टेकतो तोच उडून जाई. बगळ्यांनी मग तिचा नाद सोडला.

मिरी आली ती श्रावणातल्या पुरात. पाणी कुरणावर पसरलं होतं आणि भादवी पोहत उंचवट्याकडे चालली होती. त्या पाण्यात मिरीची आई वाहून गेली आणि डोळे नुकते उघडलेलं पिल्लू गटांगळ्या खात राहिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; इथं बुडत्याला अख्खी म्हैस मिळाली. पिल्लू नखं रुतवून पाठीवर चढलं. कुत्र्याच्या वासासरशी भादवीची कातडी उसळली, तिनं अंग झाडलं, शेपटीनं फटकारलं. पिल्लानं केस दातांत धरले आणि सोडले नाहीत. उंचवटा आला तोवर भादवी दमली होती आणि पिल्लू झोपलं होतं.

आता झोपलेल्याला कुठं खाली टाकायचं, म्हणून तिनं सकाळपर्यंत दम धरला. सकाळी त्याला भूक लागली होती, म्हणून दुपारपर्यंत. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःची समजूत घातली की हे कुत्रं नाहीच, ही मिरी आहे. माय मरो, मावशी जगो, असं लोक म्हणतात ते उगीच नाही. भादवी तिला तळ्याकाठचे खेकडे खुरानं फोडून देई, थंडीत आपल्या श्वासाच्या वाफेत निजवी, आणि तिच्या बारीकशा घोरण्यावर इतकी खूश होती, की तेवढ्या वेळापुरती शेपूट हलवायची थांबे. मिरी रोज बसून बसून भादवीच्या पाठीवर एक वाटोळी, केस झिजलेली जागा तयार झाली.

मिरीला हा मुलूख दिसला तो असा, वरून. कुत्रं दिसलं रे दिसलं, की ती उभी राही, त्याच्या डोळ्यांत रोखून बघे आणि घसा फुटेस्तोवर भुंके. उंटावरून शेळ्या हाकतात तशी ती म्हशीवरून कुत्री हाकायची. जवळ आलेली कुत्री या शिवीगाळीनं चिडत, गुरगुरत; मग भादवी शिंगं खाली घेई; मग कुत्री पळत. मिरीला वाटे, आपण पळवली. भादवीला वाटे, बघा, तिला कळतं कुत्री कशी असतात ते. दोघींचंही समाधान होई.

असं आणखी किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण त्या वर्षी माघातच झरा आटला. तळ्याचं डबकं झालं, डबक्याचा चिखल होऊ लागला. चार उन्हाळे जिनं कसे तरी काढले, त्या भादवीला पाचवा इथं निघणार नव्हता. पाण्यात डुंबल्याशिवाय म्हैस उन्हाळ्यात जगत नाही. पलीकडे गेल्यावाचून सुटका नव्हती.

"मिरे," ती एका सकाळी म्हणाली, "तुला आता कुत्र्यांत राहायला लागेल."

"मी कशाला?" मिरी म्हणाली. "मी म्हशींतली. येईन की पाठीवर बसून."

भादवीनं तिला नीट सांगितलं. नदीच्या मध्यावर म्हशीचं नाक आणि शिंगं तेवढी पाण्यावर राहतात. पाठीवरचं कुत्रं म्हणजे मगरीपुढं वाढलेलं ताट. आणि इथं एकटी राहिलीस तर टेकडीवरचा आहेच.

मिरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू नाही गेलीस तर?"

भादवीनं तोंड फिरवलं. तिला त्या पोरीपुढं रडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मनाचा हिय्या करून निघाली. चांगलं काम आहे, लपूनछपून कशाला, म्हणून समोरून, सरळ, ताठ मानेनं करंजाखाली गेली, मिरीला उतरवलं, आपल्या पुढच्या दोन पायांमध्ये उभं केलं आणि जाहीर केलं, "ही मिरी. हिला सांभाळा. हिच्या केसाला धक्का लागला तर गाठ माझ्याशी आहे."

याहून चुकीचं त्या मुलखात काही करताच आलं नसतं. सगळी कुत्री उठून उभी राहिली. भादवीची कातडी सळसळली. मिरी तिच्या पायांतून एकेकाच्या डोळ्यांत बघून भुंकू लागली. ढाण्या म्हणून एक दांडगा कुत्रा होता, दिसायला राक्षस आणि मनानं लोणी. गडबड मिटवावी म्हणून तो बिचारा तोंड वळवून, वळसा घालून हुंगायला आला. भादवीला दिसला तो मागून येणारा कुत्रा. तिनं गर्रकन वळून शिंग मारलं. ढाण्याचा कान फाटला. पुढच्या क्षणी करंजाखाली कुणीही नव्हतं.

त्या दुपारी चिखलाच्या कडेला एक म्हातारी कुत्री येऊन बसली. तिचा मागचा एक पाय अधू होता. सगळा काठ तिला आत्या म्हणे. ती भादवीपासून वीस पावलांवर, भादवीकडे पाठ करून बसली होती. मिरी भुंकभुंक भुंकली. आत्यानं जांभई दिली. बराच वेळ गेला, मिरीचा घसा बसला, तेव्हा आत्या नदीकडे बघत म्हणाली, "बाई, भुंकते ती. घाबरतेस तू."

"मी?" भादवी म्हणाली. "माझ्या एका शिंगावर तुमचे चार येतील."

"येतील की. शिंगाचं कोण म्हणतंय? मी पाठीचं म्हणतेय. आम्ही दिसलो की आधी तुझी कातडी थरथरते, मग ही पोर उठते. मी तीनदा बघितलं. तिला कुत्री काय ठाऊक? तिच्या पायाखालची जमीनच हलते गं. जमीन हलली की कुणीही ओरडेल."

भादवीला राग आला, आणि रागाच्या आडून चार वर्षांचं जुनं बाहेर पडलं. "तुम्ही माझं रेडकू नेलंत."

आत्यानं 'आम्ही नव्हे, कोळसुंद्यांनी' असं म्हटलं नाही. ते खरं होतं, पण खरं बोलायची ती वेळ नव्हती. ती एवढंच म्हणाली, "त्याला काय हाक मारायचीस?"

चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "तांबूस होतं जरा," भादवी म्हणाली. "गेरू म्हणायचे." आणि मग ती पोरीपुढंच रडली.

आत्या उठताना म्हणाली, "उद्यापासून सकाळी आम्ही काठानं चालू. तू पण चाल. लांबून, आमच्या बरोबरीनं, त्याच दिशेनं. आमच्याकडे बघायचं नाही. आम्ही बघणार नाही. कुणी कुणाला भेटायचं नाही. नुसतं एका बाजूला जायचं."

"यानं काय होईल?"

"पाय दुखतील," आत्या म्हणाली, आणि लंगडत गेली.

पहिल्या दिवशी दोन्हींत एका कुरणाचं अंतर होतं. तरी पाठ थरथरली आणि मिरी भुंकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भादवीनं मनाला बजावलं, थरथरायचं नाही. त्यानं कातडी अधिकच थरथरली, कारण कातडी काही मनाच्या नोकरीत नसते. चौथ्या दिवशी चालता चालता तिला सवयीनं घास वर आला आणि ती रवंथ करू लागली. करंजापर्यंत पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की मिरी भुंकलीच नाही. मिरी झोपली होती.

भादवीला गुपित सापडलं. रवंथ आणि भीती एका तोंडात मावत नाहीत. मग ती रोज पहाटे पोटभर चरून निघू लागली आणि दात मंद फिरवत, डोळे अर्धे मिटून, एखादी जाडजूड घरंदाज बाई पान चघळत चालावी तशी चालू लागली. अंतर कुरणाचं अर्ध्या कुरणावर आलं, मग पंधरा पावलांवर. कुत्र्यांच्या बाजूनं ढाण्या, फाटका कान एका बाजूला लोंबवत, नदीकडे बघत चाले. त्याला आत्यानं काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्यानं एकदाही मान वळवली नाही.

वाटेत एक पांढरा धोंडा होता. त्यावर कुत्री येता-जाता आपापली चिठ्ठी ठेवून जात. पाय वर करण्याच्या त्या कामाला चिठ्ठी हेच नाव तिथं होतं. कोण आलं, काय खाल्लं, कुणाची तब्येत कशी, सगळं त्यात. मिरीनं जन्मात धोंडा हुंगला नव्हता. या बाबतीत ती ठार अडाणी होती. एका सकाळी वाऱ्याबरोबर तो वास वर आला आणि ती पाठीवरून स्वतः उतरली. भादवीनं दात फिरवायचे थांबवले नाहीत. मिरीनं धोंडा सगळ्या बाजूंनी हुंगला, दोनदा शिंकली, पुन्हा हुंगला. मग मागं सरकून, बऱ्याच धडपडीनं, तळाशी अगदी जमिनीलगत, तिनं आपलीही एक चिठ्ठी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सगळी कुत्री त्या धोंड्यापाशी खाली वाकून वाकून बघत होती. "इतक्या खाली कोण लिहितं?" एकानं विचारलं.

"जिला तिथवरच पोचतं, ती," आत्या म्हणाली. "वाचा गुमान."

शेवटी फक्त भेट उरली. उन्हं आता डोळ्यांत खुपत होती. कळप काठाशी जमू लागला होता; चार दिवसांत निघणार होता. करंजाजवळच्या मोकळ्या जागेत मिरी उभी राहिली. आत्यानं ढाण्यालाच पुढं केलं. भादवीला तिनं एवढंच सांगितलं, "तू तिकडं तोंड कर."

"आणि काही झालं तर?"

"तू बघत राहिलीस तर नक्की होईल."

भादवीनं तोंड वळवलं. आयुष्यात तिनं इतकं जड काही वळवलं नव्हतं. तिच्या पोटात त्या दिवशी घास नव्हता; उन्हानं गवत जळालं होतं आणि घशाशी काही येईना. तिच्या मागं कुत्र्याची पावलं वाजत होती. चार वर्षांपूर्वीही मागंच वाजली होती. कातडी सळसळू पाहत होती. भादवीनं रिकामं तोंड हलवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, काही नसताना चघळत ती समोरच्या बोरीच्या झुडपाकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं, आपण इथंच मरू.

मिरीनं घाबरून मावशीकडे बघितलं. मावशी पाठमोरी उभी होती, आणि तिची पाठ तळ्याच्या पाण्यासारखी स्वस्थ होती. तोंड तेवढं चाललं होतं. मिरीला वाटलं, म्हणजे काही विशेष नसावं.

ढाण्या वळसा घालून आला. मिरीनं मान जरा बाजूला केली. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, की महिनाभर सगळ्यांनी तेच शिकवलं होतं. तो हुंगून झाल्यावर तीही गेली, पण तिचं नाक त्याच्या घोट्यापर्यंतच पोचलं, तेव्हा तो सावकाश खाली बसला, मग आडवा झाला. ती त्याला शेपटीपासून हुंगत हुंगत डोक्याशी आली. फाटक्या कानाजवळ थांबली. तो कान तिनं एकदा चाटला आणि लगेच करकचून चावला. ढाण्या एवढा मोठा ओरडला, की जणू त्याचा पायच गेला. मिरी आनंदानं वेडी होऊन त्याच्याभोवती गरगर धावली.

भादवीनं ओरडणं ऐकलं ते त्याचं, मिरीचं नव्हे. तरीही तिनं मागं वळून पाहिलं नाही. झुडपातलं एक बोर पिकलेलं होतं. ते तिला उगीचच आयुष्यभर लक्षात राहिलं.

कळप निघाला त्या सकाळी काळ्या धोंड्यावर मिरीची पाळी होती, पहिलीच. पाळीवरून हलायचं नसतं, म्हणून भादवीच धोंड्यापाशी गेली. वळसा घालून गेली. मिरीनं तिच्या नाकाला नाक लावलं आणि म्हटलं, "मी येऊ?"

"तू पाळीवर आहेस."

"मग तू थांब."

"मी पावसाळ्याला येईन," भादवी म्हणाली. "खेकडे स्वतः फोडत जा. दगडावर आपट. ढाण्याला सांगू नकोस, तो सगळे खाईल." आणखी पुष्कळ सांगायचं होतं, पण ती वळली, कारण आणखी थोडं थांबली असती तर गेलीच नसती.

कळप आधीच उतरून गेला होता. ती एकटीच पाण्यात शिरली. पाणी गुडघ्याला लागलं, कुशीला लागलं, मग पाठीवरून गेलं, आणि पाठीवरच्या त्या वाटोळ्या, केस नसलेल्या जागेला एवढं गार लागलं, की भादवीला पोहताना हुंदका आला. पाण्यात ते कुणाला दिसत नाही, ही एक सोय असते.

पलीकडे चढून ती उभी राहिली. समोर कुरणात कळप पसरला होता. चाळीस माना वर झाल्या. थोरली म्हैसही होती, आता पार थकलेली, एका शिंगाचं टोक मोडलेली. चार वर्षं पाठ फिरवलेल्या म्हशीकडे चाळीसजणी बघत होत्या. भादवीची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत थरथरू लागली. परत फिरावं असं तिच्या मनात आलं, आणि नदी मागंच होती.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. बारीक होता, चिरका होता, पण रीतसर होता. एकदाच, तोकडा. सगळं ठीक.

भादवीनं मान बाजूला वळवली. ती सरळ गेली नाही. काठाकाठानं तिनं मोठा वळसा घेतला, कळपापासून एका कुरणाच्या अंतरावर आली, आणि सगळ्या ज्या दिशेला तोंड करून चरत होत्या त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. कुणाकडे बघितलं नाही. तोंडात काही नव्हतं, तरी ती रवंथ करू लागली.

कळप डोहाकडे चालू लागला. तीही चालू लागली, बरोबरीनं, लांबून. बऱ्याच वेळानं थोरलीनं, तिच्याकडे न बघता, एक पाऊल अलीकडे टाकलं. थोरलीच्या पाठीवरचा गायबगळा हलला, उडाला, मधलं कुरण ओलांडून आला आणि भादवीच्या पाठीवर, केस झिजलेल्या त्या वाटोळ्या जागेवर उतरला. क्षणभर तो पंख अर्धे उघडे ठेवून थांबला. मग त्यानं पंख मिटले आणि एक पाय पोटाशी घेतला.